शर्यतीच्या कबुतरांचे श्वसनविकार: या कामात नव्याने येणाऱ्या पशुवैद्यांसाठी

पशुवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात पक्ष्यांचे आजार शिकवले जातात ते मुख्यतः कोंबड्यांच्या अंगाने. कबुतर त्यात जेमतेम येते. त्यामुळे परळच्या महाविद्यालयातून बाहेर पडून बंगळुरूत व्यवसाय सुरू केल्यावर या पक्ष्याविषयी जे शिकलो, ते बरेचसे ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, उभे राहूनच शिकलो. महाराष्ट्रातला कबुतरांचा शौक जुना असला तरी तो अधिक करून तासन्‌तास आकाशात राहणाऱ्या जातींचा आहे. होमर, म्हणजे दूर सोडल्यावर घरी परतणाऱ्या, कबुतरांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा जोर चेन्नई, बंगळुरू आणि कोलकाता या शहरांत दिसतो. या शौकिनांकडून ‘पक्षी आजारी आहे’ अशी तक्रार क्वचितच येते. ‘पक्षी चांगला आहे, पण वेळेत घरी येत नाही’ असे ते सांगतात, आणि श्वसनविकाराची पहिली खूण बहुधा याच वाक्यात दडलेली असते.

त्याचे कारण कबुतराच्या शरीररचनेत आहे. पक्ष्याला श्वासपटल नसते. त्याची फुप्फुसे लहान असून जवळजवळ ताठ असतात, आणि हवा खेळती ठेवण्याचे काम फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या ९ पातळ पिशव्या, म्हणजे वायुकोश, करतात. छातीचे हाड खालीवर हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. म्हणून तपासताना कबुतर छातीभोवती आवळून धरू नये, हे या कामात सर्वांत आधी अंगवळणी पडले पाहिजे. वायुकोशांना रक्तपुरवठा फार कमी असल्याने तेथे पोहोचलेला संसर्ग औषधांना सहज दाद देत नाही. शिवाय घराच्या छतावर नुसत्या बसून राहणाऱ्या कबुतराला थोडा बिघाड जाणवतही नाही, पण शेकडो किलोमीटर उडणाऱ्याला तेवढा बिघाड शर्यत हरायला पुरतो.

तपासणीची सुरुवात पक्ष्यापासून करू नये, ढाबळीपासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. शक्य असेल तर अंधार पडल्यावर जावे, दिवा न लावता दारापाशी काही मिनिटे शांत उभे राहावे आणि ऐकावे. निरोगी कबुतरांची ढाबळ रात्री जवळजवळ निःशब्द असते. शिंका, घरघर किंवा श्वासाबरोबर येणारी बारीक ‘टक्‌’ असे आवाज येत असतील तर त्रास एकट्यादुकट्या पक्ष्याचा नाही, हे तेथेच कळते. त्याच वेळी आपल्या नाकालाही काम द्यावे. अमोनियाचा उग्र वास माणसाला जाणवत असेल, तर त्या हवेत रात्रभर श्वास घेणाऱ्या पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे अस्तर शाबूत असण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या ढाबळींवर चारही बाजूंनी प्लास्टिक बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाऊस आत येत नाही हे खरे, पण ओल आणि पिसांची धूळ बाहेरही जात नाही, आणि पावसाळा सरता सरता सर्दीच्या तक्रारी सुरू होतात.

त्यानंतर पक्षी हातात घ्यावा. शांत बसलेले कबुतर मिनिटाला साधारण २५ ते ३० वेळा श्वास घेते. त्यामुळे हाताळण्यापूर्वीच दुरून श्वास मोजून ठेवावेत. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल किंवा विश्रांतीतही चोच उघडी राहत असेल तर आजार पुढे गेलेला आहे. त्याआधीच्या खुणा सूक्ष्म असतात. चोचीच्या मुळाशी असलेली मांसल गादी प्रौढ पक्ष्यात पांढरीशुभ्र, पुडी शिंपडल्यासारखी दिसते. नाकातून स्राव येऊ लागला की ती मळकट, करडी होते. पक्षी डोळा खांद्यावर पुसत असल्याने पंखाच्या सांध्यावरची पिसे चिकट झालेली आढळतात. चोच उघडून टाळूची फट पाहावी: ती सुजून आकसली आहे का, तिच्यापासून घशापर्यंत चिकट तार लोंबते का, पिवळसर चीजसारखा थर कोठे आहे का. असा थर दिसला तर मनात सर्दीऐवजी कँकर, म्हणजे ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग, किंवा कबुतरांच्या देवी या विषाणुजन्य आजाराचा घशातला प्रकार आला पाहिजे. उन्हाळ्यातल्या दुपारची धाप आणि पकडण्याच्या भीतीने लागलेली धाप मात्र आजारात धरू नये.

एकाच डोळ्यातून पाणी येणे, पापणी सुजणे, या प्रकाराला शौकीन सर्रास ‘वन-आय कोल्ड’ म्हणतात. त्यामागे क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी, जरी भांडणात लागलेली चोच किंवा डोळ्यात गेलेले कूस हेही कारण असू शकते. मायकोप्लाझ्मा, पेलिस्टेगा आणि संधी साधून येणारा ई. कोलाय हे जिवाणू व कबुतरांचा हर्पिस विषाणू एकमेकांच्या सोबतीने वावरतात. यांतले बरेच जंतू निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांतही असतात. गर्दी, पिसे गळण्याचा काळ, शर्यतीच्या बास्केटमध्ये अनोळखी ढाबळींच्या पक्ष्यांबरोबर काढलेली रात्र किंवा सर्कोव्हायरस या विषाणूने खचलेली तरुण पक्ष्यांची प्रतिकारशक्ती, यांपैकी एखाद्या ताणामुळे ते डोके वर काढतात. ढाबळीतील हा ताण न शोधता केवळ जंतूचा पाठलाग केला, तर आजार पुन्हा उलटतो.

प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी नमुने घ्यावेत. क्लॅमिडिया शरीरातून सतत बाहेर पडत नाही, म्हणून पीसीआर चाचणीसाठी डोळ्याचे अस्तर, टाळूची फट आणि विष्ठाद्वार या तिन्ही ठिकाणचे स्वॅब एकापेक्षा अधिक पक्ष्यांकडून घेणे योग्य. कँकरसाठी अन्नथैलीतील ओला नमुना जागेवरच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा; तो थंड झाला की परजीवीची हालचाल थांबते आणि निदान हुकते. अचानक आणि मोठ्या संख्येने पक्षी मरू लागले, तर स्वतः विच्छेदन करण्याच्या भानगडीत न पडता शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावे. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांना पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाची माहिती असलीच पाहिजे.

क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन आणि मायकोप्लाझ्माचा संशय असल्यास त्याच्या जोडीला टायलोसिन, ही प्रतिजैविके हा सर्वमान्य आधार आहे. मात्र क्लॅमिडिया पेशींच्या आत राहत असल्यामुळे शौकिनांमध्ये रूढ असलेला पाच दिवसांचा कोर्स फक्त लक्षणे झाकतो. पोपटवर्गीय पक्ष्यांत परंपरेने ४५ दिवसांचा उपचार दिला जातो. कबुतरांतही आठवड्यांच्याच भाषेत विचार करावा. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला बांधले जात असल्याने उपचाराच्या काळात ग्रिट (दाणे दळायला कबुतरे खातात ती बारीक खडी), शिंपल्यांचा चुरा आणि क्षारांच्या विटा काढून ठेवाव्या लागतात, पाण्याचे भांडे जस्ताच्या मुलाम्याचे नसावे आणि औषधाचे पाणी रोज ताजे करून सावलीत ठेवावे. कबुतर ऋतूप्रमाणे दिवसाला ३० ते ६० मिलि पाणी पिते आणि पिल्ले पाजणारी जोडी त्याहून अधिक, तेव्हा पाण्यातला डोस हा अंदाजच असतो. ज्याने खाणेपिणे सोडले आहे, त्या पक्ष्याला वजन करून तोंडावाटेच औषध द्यावे. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वाढत्या पिल्लांच्या कूर्चेला घातक ठरू शकते, हे पिल्लांच्या हंगामात विसरू नये.

डोळ्यात घालण्याच्या थेंबांविषयी दोन शब्द मुद्दाम लिहितो. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते. डोळा दोन दिवसांत स्वच्छ दिसतो म्हणून मालक खूश होतो, पण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि पिसे गळणेही अडते. बेल्जियमच्या शर्यतींत स्टेरॉइडला मनाई आहे ती काही उगाच नाही. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय थेंब लिहू नयेत आणि मालकाने आधी काय घातले आहे, हे अवश्य विचारावे.

प्रतिजैविके देऊनही पक्षी खंगत चालला, आवाज बदलला आणि धाप वाढली, तर ॲस्परजिलस बुरशीचा विचार करावा. तिला प्रतिजैविकांचा उपयोग नाही. इट्राकोनॅझोलसारखी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात आणि तरीही यश मर्यादितच. कोंदट जागी साठवलेला मका आणि घरट्यातला ओला पेंढा आधी बाहेर काढावा. उपचार चालू असलेला पक्षी बास्केटमध्ये घालू नये, असे मी लेखी देतो, कारण तेथे धोका इतरांच्या पक्ष्यांनाही असतो. नवा पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवण्याचा आग्रहही धरतो. तो बहुतेकांना जाचक वाटतो.

या कामात स्वतःच्या फुप्फुसांनाही धोका आहे आणि तो दोन निराळ्या वाटांनी येतो. क्लॅमिडियाचा संसर्ग माणसाला होतो. ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी आणि कधी न्यूमोनिया अशी त्याची लक्षणे असतात आणि योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. दुसरा आजार संसर्गाचा नाही. पिसांची पूड आणि विष्ठेतील प्रथिने यांच्या अतिसंवेदनशीलतेमुळे फुप्फुसांना सूज येते, आणि संपर्क चालू राहिला तर कायमचे व्रण पडतात. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये वाद पेटला तेव्हा या आजाराची बरीच चर्चा झाली, पण रोज बंद ढाबळीत शिरणाऱ्याचा संपर्क रस्त्यावरून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. एन-९५ मास्क घालावा, झाडण्यापूर्वी फरशी ओली करावी, मृत पक्ष्याची पिसे साबणाच्या पाण्याने भिजवूनच त्याला हात लावावा. खोकला लांबला तर छातीच्या डॉक्टरांना आपण कबुतरांत काम करतो हे पहिल्याच भेटीत सांगावे. ते आपणहून विचारतीलच असे नाही.