क्रीमी सुंगटां (कोळंबी) आणि बटाट्याचा मॅश: सुंगटां रबर व्हायला नको असतील तर

हा बेत आमच्याकडे मंगळवार, बुधवार नाहीतर शुक्रवारी, कारण सोमवार-गुरुवार घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी. पणजीहून ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात आणि साडेआठला आम्ही जेवायला बसलेले असतो. म्हणजे तासाभराचं काम, त्यातलाही बराचसा वेळ बटाटे आपले आपण शिजत असतात.

तिघांसाठी अर्धा किलो मधल्या आकाराची सुंगटां घ्या, सोलल्यावर अडीचशे-तीनशे ग्रॅम हातात येतात. पाच मध्यम बटाटे, 150 मिली फ्रेश क्रीम, 60 ग्रॅम बटर, पाव कप दूध, सहा पाकळ्या लसूण, एक छोटा कांदा, एक हिरवी मिरची, मिरी. बस. गरम मसाला नको, आलं नको, आणि फ्रीजमध्ये रेशाद मसाल्याची (माशात भरायच्या गोव्याच्या लाल वाटणाची) बाटली दिसली म्हणून तो तर मुळीच नको, त्यात व्हिनेगर असतं आणि क्रीमचं नि त्याचं जमत नाही. तो बांगड्यात भरा.

सोलणं आणि पाठीतला काळा दोरा काढणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. फक्त डोकी आणि सालं फेकू नका, सॉसची निम्मी चव त्यांच्यात आहे. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा फ्रोझन घ्यावी लागतात, ती सकाळी ऑफिसला जाताना फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवायची, संध्याकाळी गरम पाण्यात बुडवायची नाहीत. मानशीवरची (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर धरलेली) खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातली, सुंगटां मिळाली तर उत्तमच, पण ती बारीक असली तर खाली दिलेली वेळ सरळ निम्मी करा.

मॅश सोपा आहे. बटाटे सोलून मोठे तुकडे करून गार पाण्यात मीठ घालून शिजवा, पाणी पूर्ण काढा, त्याच गरम टोपात मिनिटभर कोरडे होऊ द्या, मग पावभाजीच्या स्मॅशरने चेचून 40 ग्रॅम बटर आणि गरम दूध घाला. मिक्सरला लावाल तर खळ होईल, पोस्टर चिकटवायला वापरा. नवा बटाटा चिकट होतो, जुना घ्या.

आता सुंगटां. इथेच सगळं बिघडतं आणि इथेच लोक वाट्टेल ते सल्ले देतात. "क्रीममध्ये दहा मिनिटं मंद शिजू द्या, म्हणजे चव आत मुरते." मी हे ऐकलं होतं. सावंतवाडीहून मामा-मामी आले होते तेव्हा अगदी हौसेने केलं, दहाची बारा मिनिटं दिली, झाकण ठेवून. ताटात वाढल्यावर मामा बराच वेळ एकच सुंगट चावत होते, खिडकीबाहेर बघत, आणि मामी म्हणाली, "बटाटा छान झालाय हं." सुंगटांबद्दल कोणीच काही बोललं नाही. आई तेवढी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "चुईंगम केलंस रे."

सुंगट काही मटण नव्हे. मटणातले चिवट धागे वेळ दिला की विरघळतात, सुंगटात तसे धागे जवळजवळ नसतातच, त्यामुळे जास्त शिजवलं की मांस फक्त आवळत जातं आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. म्हणजे एका दगडात दोन सत्यानाश, सुंगट रबर आणि ते पाणी क्रीममध्ये उतरून सॉस पातळ. शिजवून शिजवून परत मऊ होईल ही आशा सोडा, मी ते पण करून बघितलंय.

तर असं करायचं. सोललेल्या सुंगटांना पाव चमचा मीठ आणि अगदी चिमूटभर खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सोड्याने ती जरा भरीव राहतात. तेवढ्यात दुसऱ्या भांड्यात चमचाभर बटरवर डोकी-सालं लाल होईपर्यंत परता, डोकी पळीने दाबा, दीड कप पाणी घालून दहा मिनिटं उकळा आणि गाळा. जास्त उकळू नका, कडवट होतं.

मग सुंगटां कापडाने किंवा टिश्यूने पुसा, नीट पुसा, ओली टाकलीत तर ती भाजत नाहीत, उकडतात. पसरट पॅन चांगला तापवा, थोडं तेल, आणि निम्मीच सुंगटां टाका, एकमेकांना न टेकता. सगळी एकदम टाकली की पॅन गार पडतो, पाणी सुटतं, परत तेच. एका बाजूला मिनिटभर, उलटून अर्धा मिनिट, आणि काढा. कोयत्यासारखी वाकली की काढायची, बांगडीसारखी गोल झाली म्हणजे गेली. मधोमध थोडी काचेसारखी दिसतील, कच्ची वाटतील, हात परत पॅनकडे जाईल. जाऊ देऊ नका! ती शेवटी सॉसच्या उष्णतेत शिजणारच आहेत. मला हा धीर यायला चार-पाच वेळा लागल्या.

त्याच पॅनमध्ये गॅस मध्यम करून उरलेलं बटर, बारीक कांदा, लसूण, मिरची. कांदा मऊ झाला की गाळलेलं पाणी घाला, काढून ठेवलेल्या सुंगटांच्या ताटलीत जे पाणी सुटलंय तेही ओता, आणि मोठ्या गॅसवर अर्ध्या कपापेक्षा कमी राहीपर्यंत आटवा. आटवायचं ते आत्ताच, क्रीम घातल्यावर नाही. आपल्याकडे साधं फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट 25 टक्क्यांच्या आसपास असतं, ते खळखळ उकळलं किंवा त्यात आंबट पडलं की फाटतं, वर तेल आणि खाली दाणे. म्हणून गॅस एकदम बारीक, क्रीम आधीच बाहेर काढून ठेवलेलं, त्यात दोन चमचे गरम सॉस मिसळून मग सगळं पॅनमध्ये. कडेला बारीक बुडबुडे आले की पुरे. मिरी घाला, चव बघा, मीठ बहुतेक लागत नाही.

फाटलंच तर घाबरू नका, गॅस बंद करून दोन चमचे मॅश त्यात जोरात फेटा. रेस्टॉरंटसारखं दिसणार नाही पण जेवायला बसलेल्यांना कळणारही नाही.

शेवटी गॅस बंद करा, सुंगटां सॉसमध्ये टाका, झाकण दोन मिनिटं. एक कापून बघा, आत अजून काचेसारखं असेल तर झाकण आणखी मिनिटभर, गॅस पेटवायचा नाही. लिंबू ज्याने त्याने आपल्या ताटात पिळायचं.

वाईन घालू का असं विचारतात. आपल्या घरांत असते ती पोर्ट, ती गोड, नको. काजूची फेणी घातलीत तर फक्त फेणीच लागेल.

मॅश ताटात पसरून मधे खळगा करा, त्यात सॉस, वर सुंगटां. सकाळची पोई (गोव्याचा पाव) उरली असेल तर तव्यावर गरम करून सॉस पुसायला ठेवा, भात लावायची गरज पडत नाही. उरलीच सुंगटां तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, इतकी मेहनत करून वाचवलेली तिथे रबर होतात. फ्रीजमधून काढून थंडच पोईत भरून खा, आणि मॅशच्या टिक्क्या थापून रवा लावून तळा.