स्पीच थेरपी शिकून गरीब भागातल्या मुलांसाठी काम करायचंय? मग हे वाचा

आधी डिग्री. बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची पदवी, तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात सीईटी सेलमधून ॲडमिशन घ्यायची तर नीट (NEET) परीक्षा द्यावी लागते. मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटल आहे. पास झालात की लगेच आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन करा, १९९२ चा कायदाच आहे, त्याशिवाय प्रॅक्टिस नाही.

आता खरं काम. लगेच आफ्रिकेतल्या कॅम्पची स्वप्नं नका बघू, आधी जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात काम करा. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना २०१३ मध्ये पालघरलाच सुरू झाली, तिच्या टीम अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुलं तपासतात आणि पुढे डीईआयसीत पाठवतात, त्यामुळे सगळ्या प्रकारच्या केसेस तुमच्या हातात येतात.

दुभंगलेल्या टाळूचं काम नीट शिकून घ्या, जगात कुठेही गेलात तरी लागतं. ऑपरेशनने टाळू शिवला जातो पण प, ट, क घशातून काढायची सवय तशीच राहते, ती आपण सोडवायची. नाकाखाली छोटा आरसा धरून पोराला "पापा" म्हणायला लावा, दरवेळी धुकं येत असेल तर हवा नाकातून गळतेय, सर्जनकडे परत पाठवा. शिट्ट्या आणि फुगे फुंकायला लावणारे अजून आहेत, त्याने बोलणं सुधरत नाही हो, उगाच त्या लेकराचा वेळ जातो!

आणि "आठवड्यातून दोनदा या" हे तर बोलूच नका, एसटीचं भाडं आणि आईचा बुडालेला रोज कोण देणार? घरच्या सरावासाठी पाचच शब्द निवडा, तेही आईलाच विचारून, कारण घरात वारली किंवा पावरी अशी आदिवासी बोली बोलत असतील तर आपली पुस्तकी मराठी यादी तिथे चालत नाही. मग आईला, आजीला, अंगणवाडीताईला तो सराव तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, नुसतं समजावून काही होत नाही, आणि घरून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवा.

दोन-तीन वर्षं हे केलंत की बाहेरचं बघा. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्माइल ट्रेनसारख्या संस्था तिथल्याच डॉक्टरांना ट्रेनिंग आणि हॉस्पिटलांना पैसा देतात, त्यामुळे आपल्याकडच्या त्यांच्या पार्टनर हॉस्पिटलमधून शिरणं सोपं. परदेशात तिथली भाषा तुम्हाला येणार नाही, म्हणजे मुलांना थेरपी देण्यापेक्षा तिथल्या नर्सना, शिक्षकांना शिकवायचंच काम जास्त. म्हणून सीव्हीत किती पेशंट बघितले हे लिहाच पण किती जणांना शिकवलं हे आधी लिहा, आणि पालकांची लेखी परवानगी घेऊन थेरपीआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, इंटरव्ह्यूत तेच ऐकवता येतं.