किटलीतला पांढरा थर

इंदुरात बोअरिंगचं पाणी रोज उकळलं की किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. त्यासाठी महागडं क्लीनर नको, सियागंजात किराण्याच्या दुकानी सुटं मिळणारं लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) पुरतं.

१. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून उकळा, अर्धा तास तसंच ठेवा. थर आपोआप सुटतो, तारेच्या घासणीनं खरवडू नका.
२. ते पाणी फेकू नका! कोमट झालं की त्यात फडकं भिजवून नळाच्या तोंडाला तासभर गुंडाळा, तिथलाही थर निघतो.
३. किटलीत साधं पाणी एकदा उकळून ओतून द्या.

कोटा फरशीवर लिंबूसत्वाच्या पाण्याचा थेंबही सांडू देऊ नका, चकाकी जाते. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.