काय बोलला त्यापेक्षा का बोलला, हे ओळखायचं कसं

"किती वाजले?" हे दोनच शब्द घ्या. रस्त्यात अनोळखी माणसाने विचारलं तर त्याला खरंच वेळ हवी असते. मीटिंगला अर्धा तास उशिरा पोचलात आणि साहेबांनी विचारलं तर ती कानउघाडणी असते. रात्री मोबाईल घेऊन पडलेल्या मुलाला आईने विचारलं तर अर्थ एवढाच की आता झोप. आणि गप्पा रंगल्यात, रात्र झालीये, घरमालक जांभई दाबत विचारतोय तर तुम्ही उठलेलं बरं. शब्द तेच आहेत पण "साडेदहा" हे उत्तर चारपैकी एकाच ठिकाणी बरोबर बसतं.

संस्कृत काव्यशास्त्रात यावर फार पूर्वी विचार झालाय. ११व्या शतकातल्या मम्मटाने "सूर्य मावळला" या एका वाक्याचं उदाहरण दिलंय, ते ऐकून गुराख्याला कळतं गुरं आत घ्यायची, विकायला बसलेल्याला कळतं माल आवरायचा, राबणाऱ्याला कळतं काम थांबवायचं आणि प्रियकराची वाट बघणाऱ्या बाईला कळतं की तो अजून आला नाही. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा, आणि प्रसंगातून जो सुचतो तो व्यंजनेचा. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यात ऐकणारा कोण आहे हासुद्धा अर्थाचाच भाग धरलाय.

आता हे रोजच्या बोलण्यात वापरायचं कसं ते सांगते.

सगळ्यात आधी एक सवय लावा, उत्तर तोंडातून बाहेर पडायच्या आत मनात विचारा: हे आत्ताच का बोलला, आणि मलाच का? बस, एवढंच. माझ्या बहिणीने एकदा दुपारी फोन केला, "कामात आहेस का गं?" मी म्हटलं हो, बोल पटकन. ती म्हणाली काही नाही, असंच, आणि ठेवला. ती एरवी दुपारी कधीच फोन करत नाही, हे मला माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. नोकरी गेल्याचं तिने मला चार दिवसांनी सांगितलं. प्रश्नाचं उत्तर मी अगदी खरं दिलं होतं, फक्त तिने विचारलं वेगळंच होतं.

या सवयीमागे एक साधं तत्त्व आहे. पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत ते मांडलं: माणसं बोलताना एकमेकांना सहकार्य करतायत असं आपण गृहीत धरतो. म्हणजे समोरचा खरं बोलेल, हवं तेवढं बोलेल, विषयाला धरून आणि नीट समजेल असं बोलेल. त्यामुळे एखादं वाक्य यात बसलं नाही की आपण त्याला मूर्ख समजत नाही, त्याच्या बोलण्यात दुसरा अर्थ शोधतो. "माझं भाषण कसं झालं?" याला कुणी "स्लाइड्स छान होत्या" म्हटलं तर जे बोललं गेलं नाही तेच ऐकू येतं, हो ना?

इथे जरा थांबूया, कारण बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात. सुचवलेला अर्थ आणि बोललेला अर्थ यात एक मोठा फरक आहे, सुचवलेला अर्थ मागे घेता येतो. "काही मुलं पास झाली" ऐकलं की आपण समजतो सगळी झाली नाहीत. पण बोलणारा पुढे "काही काय, सगळीच झाली" म्हणू शकतो, आणि त्यात तो खोटा पडत नाही. म्हणूनच "मी असं म्हटलंच नव्हतं" आणि "पण तुझा अर्थ तोच होता" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि शब्दन् शब्द आठवून कोण बरोबर हे ठरवायला गेलात तर रात्र जाईल. त्यापेक्षा बोलणाऱ्याने म्हणावं, "माझ्या बोलण्यावरून तसं वाटलं असेल, पण मला हे म्हणायचं होतं". ऐकणाऱ्याने म्हणावं, "मी त्याचा असा अर्थ घेतला". दोघांनीही आपापला भाग उचलायचा. मी हे घरात करून बघितलंय आणि फरक पडतो.

दुसरी गोष्ट, वाक्याचं रूप बघू नका, त्याने काय केलं ते बघा. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाचं म्हणणं हेच होतं की बोलणं हीसुद्धा कृती असते. "उद्या येतो तुझ्याकडे" ही नुसती माहिती असेल, वचन असेल किंवा धमकी. "खिडकी लावता येईल का?" हा तुमच्या हाताच्या ताकदीबद्दलचा प्रश्न नाहीये, विनंती आहे, "हो येईल" म्हणून बसून राहिलात तर काहीतरी चुकलं. मग मनात त्या बोलण्याला एक क्रियापद लावून बघायचं: मागतोय, टाळतोय, बजावतोय, माफी मागतोय, का फक्त मन मोकळं करतोय? हे शेवटचं ओळखायला सगळ्यात अवघड. कळत नसेल तर सरळ विचारा, "काही उपाय शोधूया का, की तू नुसतं बोल, मी ऐकते?"

मराठीत तर छोटे छोटे शब्द आणि आवाजाचा जोर बरंच काम करतात. "तू सांग", "तूच सांग", "तू सांगच" आणि "तू सांग ना", चारही वेगळ्या गोष्टी आहेत. "मी त्याला पुस्तक दिलं नव्हतं" हे एकदा मोठ्याने म्हणून बघा, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. "मी"वर जोर दिला तर दुसऱ्या कुणीतरी दिलं, "त्याला"वर दिला तर भलत्यालाच दिलं, "पुस्तक"वर दिला तर दुसरंच काहीतरी दिलं.

आणि मेसेजमध्ये नेमका हा जोरच गायब होतो! नुसतं "बरं." आलं की आपण त्यात राग वाचतो, आणि पाठवणारा बिचारा जिना चढत असतो. त्या माणसाची नेहमीची पद्धत काय आहे ते आठवा, तो कायम एकशब्दीच लिहीत असेल तर त्यात काही नाही. नेहमी लांबलचक लिहिणारा अचानक "ठीक" वर आला तर मात्र फोन करा. "बघू" आणि "जमेल बहुतेक" यांना मी तरी होकार धरत नाही, विशेषतः बोलणारा हाताखालचा असेल तर, कारण त्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. "शुक्रवारपर्यंत कळवशील? नाही जमलं तरी चालेल" असं विचारलं की त्याला नकाराची वाट मोकळी होते आणि खरं उत्तर मिळतं.

अंदाज बांधला की तो तपासायचा. "तुला नक्की म्हणायचंय काय?" असं नको, ते ऐकूनच माणूस अंगावर येतो. आपला अंदाज पुढे ठेवा: "तू दमलीयेस असं वाटलं मला, बरोबर का?" चुकला तर ती दुरुस्त करेल. पण प्रत्येक वाक्याखाली काहीतरी दडलंय असं समजून खोदत बसू नका, "डोकं दुखतंय" म्हणजे बहुतेक वेळा डोकंच दुखतंय.

स्वतः बोलताना हेच उलटं करा. "घर किती पसरलंय" म्हणून कुणी उठेल याची वाट बघू नका, "हे उचलशील का?" म्हणा. लहान मुलं, भाषा नव्याने शिकणारे, बरीच ऑटिस्टिक माणसं, यांच्याशी सूचक बोलण्यापेक्षा स्पष्ट बोलणं जास्त आदराचं असतं असं माझं ठाम मत आहे. आणि औषधाचा डोस, पैशाचा व्यवहार, मुलाला शाळेतून कोण आणणार असल्या गोष्टींत सुचवासुचवी अजिबात नको, तिथे पूर्ण वाक्य बोलायचं आणि समोरच्याला म्हणायचं, "काय ठरलं ते एकदा तूच सांग बरं".