बारदानावरचं आमंत्रण

हिवाळा लागला की जळगावकडे भरीत पार्टीची आमंत्रणं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. बहुतेकांवर चकचकीत निळं-गुलाबी आकाश, त्यावर पिवळी अक्षरं. वांग्याचा त्यात वासही नाही!

त्यापेक्षा आमंत्रणाच्या पार्श्वभूमीसाठी घरातलं बारदान अंगणात पसरा. सकाळच्या तिरप्या उन्हात, फ्लॅश न लावता वरून फोटो काढा. उजेड तिरपा असला की विणीचा धागा न् धागा उठून दिसतो. मग १०८० बाय १०८० पिक्सेलचा चौकोन कापा. पोत जितका छान, तितकी अक्षरं त्यात हरवतात. म्हणून फोटोवर काळा थर टाकून त्याची अपारदर्शकता ४०-५० टक्क्यांवर आणा आणि अक्षरं दुधी पांढरी ठेवा. बारीक वळणाचा फॉन्ट विणीत अडकतो. ‘बलू’ किंवा ‘मुक्ता’ या फॉन्टचा जाड, ठळक प्रकार घ्या, दोन्ही फुकट मिळतात.

‘या भो, भरीत खावाले!’ एवढंच मोठ्या अक्षरांत. तारीख-वेळ खाली लहान.

इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मी एकदा तसंच छापून आणलं होतं, गावभर हसू झालं. ओळींमधलं अंतर मात्र दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

शेवटी फोन हातभर लांब धरा. चष्म्याशिवाय आजीला वाचता आलं तर पाठवा.