लॅबकडे कुलूप पाठवण्याआधी

इलेक्ट्रॉनिक कुलूप किंवा ॲक्सेस कंट्रोलचा (दारातून कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा) संच प्रमाणपत्रासाठी द्यायचा ठरला की एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. प्रमाणपत्र मॉडेलला मिळालं असं आपण म्हणतो, पण लॅब तपासते टेबलावर आलेला नमुना: त्यातलं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम), त्याचे स्क्रू, त्याचा ॲडॅप्टर, त्याच्यासोबतची दाराची पट्टी. पुढे कारखान्यातून याहून वेगळं काही बाहेर पडलं तर तो कागद त्याच्या कामाचा नाही. तेव्हा नमुना कुठल्या स्थितीत पाठवायचा ते ठरवा आणि तिथेच गोठवा. खालची सगळी तयारी त्याच्याभोवती फिरते.

सुरुवात मानकापासून करा. "आम्हाला सर्टिफिकेट हवंय" एवढ्यावर लॅब कोटेशन देईल, पण ते तुमच्या कामाचं असेलच असं नाही. ॲक्सेस कंट्रोलच्या युनिटसाठी अमेरिकी बाजारात यूएल २९४ लागतं, इतरत्र आयईसी ६०८३९-११-१. विजेवर चालणाऱ्या कुलपाच्या यांत्रिक भागासाठी युरोपात ईएन १४८४६, अमेरिकेत बीएचएमए ए१५६.२५. दार आगरोधक असेल तर त्याची चाचणी वेगळी, आणि ती बहुधा कुलपासकट अख्ख्या दाराची. मानकाचं नाव लिहाल तिथे आवृत्तीचं वर्षही लिहा. आवृत्ती बदलली की चाचण्या बदलतात.

यूएल २९४ मध्ये नवख्यांची एक चूक हटकून होते. तिथे एकच ग्रेड नसतो. फोडाफोडीला प्रतिकार, वायरिंगची सुरक्षितता, टिकाऊपणा आणि वीज गेल्यावरचा बॅकअप या चार बाबींना वेगवेगळी लेव्हल मिळते. टिकाऊपणात लेव्हल १ म्हणजे उघड-बंदच्या १,००० फेऱ्या, २ म्हणजे २५,०००, ३ म्हणजे ५०,००० आणि ४ म्हणजे १,००,०००. बॅकअपमध्ये लेव्हल १ ला काहीच नको, २ ला अर्धा तास, ३ ला दोन तास, ४ ला चार तास. प्रत्येक बाबीसमोर कुठली लेव्हल मागायची ते आधी लिहून काढा. विक्री विभाग सगळीकडे ४ लिहायला सांगेल. त्यांना बॅटरीचा आकार दाखवा.

आता वीज काढून घ्या. हे तुमच्याच टेबलावर करा आणि दाराच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा करा. वीज गेल्यावर जे उघडं पडतं ते फेल-सेफ, जे बंदच राहतं ते फेल-सिक्युअर. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी चुकीच्या दाराला चुकीचं कुलूप लागतंच. आगरोधक दारावर फेल-सेफ स्ट्राइक (चौकटीतली, जीभ अडकवणारी विजेची पट्टी) बसवला तर वीज जाताच कुलपाची जीभ कशातच अडकलेली नसते, आणि आगीच्या दाबाने दार लोटलं जातं. तिथे बाहेरून बंद राहणारं, पण आतून साध्या मुठीने उघडणारं कुलूप लागतं. चुंबकी कुलपाची गोष्ट उलटी. ते विजेवरच धरून असतं, त्यामुळे वीज गेली किंवा फायर अलार्म वाजला की सुटलंच पाहिजे. शिवाय बाहेर पडायच्या बटणाने कुलपाची वीज थेट तोडावी, कंट्रोलरला विचारत बसू नये, आणि दार किमान ३० सेकंद उघडं राहावं, असं अमेरिकी नियम सांगतात. कंट्रोलर मुद्दाम हँग करून ते बटण दाबा. बरेच संच इथेच उघडे पडतात. म्हणजे उघडत नाहीत.

गर्दीच्या जागेचं पॅनिक बार (अंगाने ढकललं की दार उघडणारा आडवा दांडा) असेल तर ईएन ११२५ चे आकडे घरीच मोजून जा. मोकळं दार ८० न्यूटनमध्ये सुटलं पाहिजे, आणि दारावर १,००० न्यूटनचा दाब असताना २२० न्यूटनमध्ये. हा दुसरा आकडा म्हणजे मागून रेटणारी माणसं. मोकळ्या दारावर छान चालणारी जीभ त्या दाबाखाली आवळून बसते, आणि ते लॅबमध्ये कळलं तर फार महाग पडतं.

वायरिंगवर अर्धा दिवस घाला. समजा, १२ व्होल्टचं कुलूप अर्धा अँपिअर खातं आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ५० मीटर लांब आहे. जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे सुमारे ३.४ ओहम. १.७ व्होल्ट वाटेतच गळतात आणि कुलपापाशी १०.३ उरतात. बॅटरीवर असताना आणखी कमी. चुंबकी कुलपाची धरण्याची ताकद व्होल्टेजबरोबर उतरते, आणि मोटरची कुलपं अर्ध्यात अडकतात, ते जास्त वाईट. टेबलावर हातभर वायर लावून घेतलेले निकाल म्हणून फसवे असतात. मॅन्युअलमध्ये जी कमाल लांबी छापली आहे, तेवढी केबल खरोखर जोडून बघा. डीसी कॉइलवर उलट्या झटक्यासाठी डायोड आहे का तेही पाहा. नसेल तर रिलेचे संपर्क जळतात नाहीतर कंट्रोलर रीस्टार्ट होतो. डायोड लावल्यावर कुलूप सुटायला किंचित उशीर होतो. तो वेळही मोजून ठेवा.

फर्मवेअरचं मी स्वतः भोगलेलं सांगतो. फेऱ्यांची चाचणी मध्यावर आली असताना लॅबच्या वाय-फायवरून आमच्या नमुन्याने आपणहून अपडेट उतरवून घेतलं. आवृत्तीचा आकडा बदलला आणि मोजणी पहिल्यापासून. दोष कुणाचाच नव्हता, आमचा सोडून. पाठवण्यापूर्वी ऑटो-अपडेट बंद करा, आवृत्तीचा आकडा आणि फाइलचा हॅश (फाइलमधून निघणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) अर्जात लिहा, आणि अगदी तसाच दुसरा नमुना सीलबंद करून स्वतःकडे ठेवा.

कार्ड आणि रीडरची बाजू लोक यंत्राच्या मानाने हलकी घेतात. रीडर ते कंट्रोलर अजून विगँड ही जुनी जोडणी असेल तर त्या वायरीवरून कार्डाचा नंबर उघडा जातो. २६ बिटांत ८ बिट साइटचे, १६ कार्डाचे आणि २ पडताळणीचे. त्याऐवजी ओएसडीपी ही नवी जोडणी वापरत असाल तर त्याचा सुरक्षित चॅनल खरोखर चालू आहे ना, आणि त्यात कारखान्याची मूळ सांकेतिक किल्लीच (एन्क्रिप्शन की) तर राहिली नाही ना, हे बघा. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं सहज नकलली जातात, आणि मायफेअर क्लासिक कार्डांची क्रिप्टो-१ ही सांकेतिक पद्धत २००८ सालीच फुटली आहे. घरगुती स्मार्ट कुलूप असेल तर ईटीएसआय ईएन ३०३ ६४५ ची पहिलीच अट सगळ्या नगांना एकच पासवर्ड नको ही आहे. बोटाच्या ठशाचा रीडर असेल तर नकली बोटांची चाचणी आयएसओ ३०१०७-३ प्रमाणे वेगळी मागा.

स्थिर विजेचा झटका, पाणी, धूळ यांचं लॅब बघेलच. धातूच्या मुठीवर ८ किलोव्होल्टचा स्पर्शाचा झटका मात्र आधी देऊन बघा. मूठ थेट सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असेल तर बोर्ड झोपतो.

कागदांमध्ये लॅबचं आयएसओ १७०२५ चं (चाचणी लॅबच्या पात्रतेचं) मानांकन तुमच्या मानकाला लागू आहे का ते व्याप्तीच्या पानावर वाचा. नुसता लोगो पाहू नका. सर्किट, सुट्या भागांची यादी, लेबलचा मसुदा द्या. पर्यायी रिले आणि पर्यायी ॲडॅप्टर आत्ताच यादीत घाला, नाहीतर पुढे पुरवठादार बदलला की फेरतपासणीचं बिल येतं. बसवण्याचं मॅन्युअलही तपासणीचाच भाग आहे: लॅबचा माणूस त्यातलंच वाचून कुलूप दारावर बसवणार. दाराची जाडी, भोकांचा साचा, स्क्रूची लांबी, सगळं त्यात हवं. एखाद्या नवख्याला मॅन्युअल द्या, स्वतः गप्प बसा, आणि तो कुठे अडतो ते लिहून घ्या.

खोकं बंद करताना ॲडमिन कार्ड आणि पासवर्ड आत टाकलाय ना, ते बघा. कुलूप लॅबमध्ये पोचतं, उघडत नाही, आणि पासवर्ड ज्याला ठाऊक तो रजेवर असतो.