फोन घेतलात, आता तो आपला करून घ्या

गेल्या उन्हाळ्यात कवठेमहांकाळकडचे एक द्राक्षबागायतदार दुकानात आले. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, बॅटरी बदला. लई तापतोय, दुपारपर्यंत संपतोय बघा." फोन जेमतेम आठ महिन्यांचा. बॅटरीला हात लावण्याआधी मी एक काम करते, ते त्यांच्यासमोरच केलं. सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला. गेल्या चोवीस तासांत कुठल्या ॲपने लोकेशन, कॅमेरा, माइक कधी वापरला, ते तिथे वेळेसकट दिसतं. त्यात टॉर्चचं एक ॲप होतं. रात्री एक वाजून पन्नास मिनिटं. मग दोन दहा. मग दोन तीस. काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रात्री दोनला मी झोपलेला असतोय की ओ. ह्याला काय बघायचंय?"

बॅटरी चांगली होती. ते ॲप काढलं, आणखी अकरा ॲप्सचं लोकेशन बंद केलं आणि पैसे न घेता त्यांना एसटीला लावून दिलं. टॉर्च तर फोनमध्ये कंपनीच देते, वरून खाली बोट ओढलं की सापडते.

सांगलीत कॉलेज कॉर्नरजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. काच फुटली, चार्जिंग पिन गेली, पाणी शिरलं, ही कामं चालूच असतात. पण आलेला प्रत्येक फोन उघडला की आत जे दिसतं, त्याने मला जास्त त्रास होतो. म्हणून मी गिऱ्हाइकांना काउंटरवर जे करून दाखवते, ते इथे लिहिते आहे. बहुतेकांकडे अँड्रॉइड असतो, म्हणून आधी तेच. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या भिंगात ते नाव टाइप करा, फोन स्वतः दाखवतो.

नवा फोन सुरू करताना एकामागोमाग पानं येतात आणि आपण "नेक्स्ट, नेक्स्ट" करत सुटतो. इथेच थांबायचं. बऱ्याच पानांवर खाली खूण आधीच केलेली असते: जाहिराती दाखवू का, वापराची माहिती कंपनीला पाठवू का, लॉक स्क्रीनवर बातम्या आणू का. त्या खुणा काढल्या तरी फोन बिघडत नाही. सर्च इंजिन कुठलं ठेवायचं असं विचारणारं पान आलं तर तेही वाचा. ते फुकट मिळालेलं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन कंपन्यांवर आपली ॲप्स आणि आपलं सर्च लादू नका असं बजावलं. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतात ही निवड देण्याचं जाहीर केलं.

आता खरं काम. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. तिथे लोकेशन, कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट्स, एसएमएस अशा खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत कुणाला प्रवेश दिला आहे याची यादी. एकेक उघडा. घाई नको, चहा घेऊन बसा, अर्धा तास लागतो.

लोकेशनमध्ये "अलाऊड ऑल द टाइम" म्हणजे सतत परवानगी असलेली नावं सगळ्यात वर दिसतात. तिथे नकाशा आणि घरच्यांसाठी मुद्दाम ठेवलेलं एखादं ॲप सोडून कुणी असू नये. बाकीच्यांना "वापरत असतानाच" करा. त्याच पानावर तळाशी "प्रिसाइज लोकेशन"चं बटण असतं. हवामानाच्या ॲपला तुम्ही तासगावात आहात एवढं कळलं की पुरे, कुठल्या गल्लीत ते कळायची गरज नाही. ते बटण बंद करा.

लोकेशन कायमचंच बंद ठेवा असं मात्र मी सांगणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझी मावशी गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. बोट घेऊन आलेल्या पोरांना त्या पाण्यात गल्ल्या ओळखू येत नव्हत्या. तिने व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवलं, त्यावरून ती सापडली. आपण हवं तेव्हा हवं त्याला द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॉन्टॅक्ट्सच्या खोलीत मी सगळ्यात कडक असते. तुमचं लोकेशन तुमचं आहे, पण कॉन्टॅक्ट्समधले नंबर दुसऱ्यांचे असतात. तुमच्या बहिणीने, मुलाच्या शिक्षकांनी, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते तुम्हाला विश्वासाने दिलेले असतात. गेमला, फोटो सजवायच्या ॲपला, कीबोर्डला ते द्यायचं काही कारण नाही.

कुपवाड एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा माझ्याकडे सिम बदलायला आला होता. एका ॲपवरून त्याने पाच हजार उचलले होते. हप्ता चार दिवस चुकला तर वसुलीवाल्यांनी त्याच्या यादीतल्या चाळीसेक लोकांना त्याचा फोटो पाठवला, वर "चोर" लिहून. त्यात बहिणीची सासूही होती. मान खाली घालून तो विचारत होता, सिम बदललं की थांबेल ना? मला त्याला सांगावं लागलं की नंबरांची यादी परवानगी दिली त्याच मिनिटाला गेली. तो पडलेला चेहरा मला अजून आठवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सप्टेंबर २०२२ पासून कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स बघता येत नाहीत. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन एकदा मागता येतं, तेही तुमच्या संमतीने. प्ले स्टोअरनेही ३१ मे २०२३ पासून अशा ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो घ्यायला मनाई केली. तेव्हा कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले की तिथल्या तिथे ते काढून टाका. दुसरी कसली चौकशी करायची गरजच नाही.

एसएमएसच्या खोलीत मेसेज वाचायचं मूळ ॲप आणि बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप, बस्स. तुमचा ओटीपी तिथेच येतो.

"ॲक्सेसिबिलिटी" मात्र परमिशन मॅनेजरमध्ये दिसत नाही, सेटिंग्जमध्ये वेगळी शोधावी लागते. दृष्टी नसलेल्या माणसाला फोन वापरता यावा म्हणून ती सोय केलेली आहे. ज्या ॲपला ती मिळते, ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. चोरट्यांना नेमकं तेच हवं असतं. "इन्स्टॉल्ड" किंवा "डाउनलोडेड ॲप्स"खाली काय चालू आहे ते बघा. आपण जाणूनबुजून चालू केलेलं नसेल तर बंद करा. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहजी मिळत नाही, फोन अडवतो. म्हणून हल्ली फोनवरचा माणूस गोड बोलून सांगतो, "ॲप इन्फोमध्ये जावा, वरचे तीन ठिपके दाबा, अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज करा." हे वाक्य कानावर पडलं की फोन कट करा. कुठलीही बँक, कुठलंही सरकारी खातं हे सांगत नाही.

बाहेरून टाकलेलं म्हणजे एपीके, प्ले स्टोअरवरून न घेता थेट फाइल दाबून बसवलेलं ॲप. गावाच्या ग्रुपवर "पीएम किसान हप्ता", "आरटीओ चलन", "लग्नपत्रिका" अशा नावाने फाइल येते आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. ती एपीके कधीच नसते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून दाबू नका, त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आजच एक बंदोबस्त करा: सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे "नॉट अलाऊड" हवं.

दाबलंच असेल तर पहिल्यांदा एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना ते बघा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर १९३० लागतो, तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त. लाजून संध्याकाळपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. थांबू नका. फोन नंतर आणा, आम्ही तो सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची ॲप्स झोपवून, उघडतो आणि ते ॲप काढतो, नाहीच निघालं तर पूर्ण पुसतो.

मग प्ले स्टोअरवरून घेतलं की निर्धास्त का? तसंही नाही. ते टॉर्चचं ॲप प्ले स्टोअरवरूनच आलं होतं. तिथे चाळणी असते, उघडउघड विषारी माल बहुतेक अडतो, पण एखादं ॲप विनाकारण लोकेशन मागतंय म्हणून दुकान त्याला हाकलतंच असं नाही. ॲपच्या पानावर "डेटा सेफ्टी" लिहिलेलं असतं. ती माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. मी ती वाचते, पण ती वाचून परवानगी देत नाही. त्यापेक्षा नावाखाली बनवणाऱ्याचं नाव बघा आणि एक तारा दिलेले शेरे वाचा. खरं तिथे कळतं.

या प्ले स्टोअरची सत्ता किती आहे, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. ॲपवाल्यांनी गूगलला द्यायच्या शुल्काच्या वादावरून गूगलने नोकरी शोधायची, लग्न जुळवायची काही भारतीय ॲप्स एका दिवसात उतरवली आणि सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत परत लावली. त्या दोन-तीन दिवसांत एक आई मुलीच्या स्थळांचं ॲप "गायब झालं" म्हणून माझ्याकडे आली होती. आता गूगलने जाहीर केलंय की सप्टेंबर २०२६ पासून आधी चार देशांत आणि पुढे सगळीकडे, ओळख पटवून नोंदणी न केलेल्या माणसाचं ॲप साध्या अँड्रॉइडवर सरळ बसणार नाही. चोरट्या एपीकेला त्याने आळा बसेल, ते मला हवंच आहे. पण इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं स्वतः बनवलेलं ॲप मित्राच्या फोनवर टाकून बघतात, त्यांनीही आता एका कंपनीच्या दारात नोंदणीसाठी उभं राहायचं, हे मला पटत नाही. फोनचे पैसे आपण मोजलेत.

ॲपची दुसरी दुकानं आहेत. एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे, तिथे फक्त मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशी ॲप्स मिळतात आणि कुठल्या ॲपमध्ये न आवडण्यासारखं काय आहे ते पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. पण माझा सल्ला त्याहून सोपा आहे: ॲप घेऊच नका, वेबसाइट उघडा. सातबारा बघायला ॲप लागत नाही. प्ले स्टोअरवर "सातबारा" शोधलं तर खाजगी ॲप्सची रांग लागते. महाभूलेखची सरकारी वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडली की तोच सातबारा दिसतो. वीजबिल, रेल्वेचा पीएनआर, निकाल, सगळं असंच. वेबसाइट बंद केली की ती रात्री दोनला जागी होत नाही.

जाहिरातींच्या नंबराचं एक काम राहिलं. प्रत्येक फोनला एक जाहिरात ओळख असते, तिच्यावरून वेगवेगळी ॲप्स तुम्हाला एकच माणूस म्हणून ओळखतात. सेटिंग्ज, गूगल, ॲड्स, डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी. जाहिराती येतच राहतील, पाठलाग कमी होईल.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग, आणि "अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक" बंद. ही सोय एप्रिल २०२१ पासून आहे. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची तपासणी वर सांगितली तशीच करा. पडद्यावर वर हिरवा ठिपका म्हणजे कॅमेरा चालू, नारिंगी म्हणजे माइक. अँड्रॉइडवर १२ पासून दोन्हीला हिरवाच ठिपका येतो. तुम्ही बोलत नसताना, फोटो काढत नसताना तो दिसला तर वरून बोट ओढा आणि कुणाचं नाव आहे ते वाचा.

शेवटचं माझ्याच धंद्यातलं. फोन दुरुस्तीला देताना लोक पिन चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवतात. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा चिठ्ठ्यांचा ढीग साठायचा: जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४. त्यातल्या कितीकांचा यूपीआयचा पिनही तोच असणार, या विचाराने मी त्या रोज संध्याकाळी फाडायला लागले. आता चिठ्ठी घेतच नाही. सॅमसंगमध्ये डिव्हाइस केअरखाली मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. तो चालू करून दिला की दुरुस्ती करणाऱ्याला कोरा फोन दिसतो, तुमचे फोटो, मेसेज, बँक काही दिसत नाही. ज्या फोनला ही सोय नाही, त्याचं काम गिऱ्हाइकाला समोर बसवून करते, आणि लॉक उघडायचं असेल तेव्हा फोन त्यांच्याकडे सरकवते. वेळ जास्त लागतो, दोन स्टुलं त्यासाठीच घेतली आहेत.